शॉट पुन्हा पुन्हा खाली-डावीकडे जातोय? पिस्तुलाच्या साइटचा स्क्रू फिरवण्याआधी एवढं करून बघा

एअर पिस्तूल निवांत मारताना ग्रुप, म्हणजे शॉटचा झुबका, कार्डावरच्या काळ्या वर्तुळाच्या मध्यावर बसतो. घड्याळ लावलं, किंवा शेजारच्या लेनवर कुणी भराभर मारायला लागलं, की एकेक शॉट सात वाजता सरकू लागतो, म्हणजे कार्डाला घड्याळ मानलं तर सातच्या आकड्याकडे, खाली-डावीकडे. गुण आधी नऊ, मग आठ, मग थेट सहा. मग साइटचे चार क्लिक फिरवले जातात आणि दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी हात शांत असतो आणि ग्रुप वर-उजवीकडे बसतो, म्हणून क्लिक उलटे फिरवायचे. आठवड्याभरात गाडी पुन्हा सात वाजता. सांगलीत दहा मीटरच्या रेंजवर मुलांना शिकवताना ही तक्रार मी सतत ऐकते. माझे स्वतःचेही दोन हंगाम यात गेले आहेत. (हे सगळं उजव्या हातानं मारणाऱ्यांसाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी डावीच्या जागी उजवी आणि सातच्या जागी पाच वाचावं.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वेग वाढल्यावर जी चूक कार्डावर दिसते, ती सावकाश मारतानाही हातात असतेच. वेळ भरपूर असला की हात ती सावरून घेतो, वेळ कमी पडला की ती उघडी पडते. त्यामुळे ती स्क्रूनं जात नाही, आणि नुसत्या आणखी हजार छऱ्यांनीही जात नाही.

मागच्या मे महिन्यात माधवनगरचा अकरावीतला एक मुलगा पिस्तूल घेऊन माझ्याकडे आला. "मॅडम, साइट हललीया. झिरो करून द्या." मी म्हटलं, करू, पण आधी दहा शॉट मार, लोड मी करून देते. त्याचं पिस्तूल हवेच्या सिलिंडरवर चालणारं. पहिले दोन छरे मी नीट भरून दिले, ते नऊ आणि आठ लागले, दोन्ही खाली-डावीकडे. तिसऱ्या वेळी छरा न भरताच बोल्ट बंद केला आणि पिस्तूल त्याच्या हातात दिलं. त्यानं हात उचलला, नेम धरला, ट्रिगर ओढला. हवेचा तोच आवाज झाला आणि त्याच क्षणी नळीचं टोक स्पष्ट खाली-डावीकडे बुडालं. कार्डावर काहीच उमटलं नाही. तो कार्डाकडे बघत राहिला. मी सांगितलं, आत्ता छरा नव्हताच. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग हे कुणी हलवलं?"

निदान याच प्रश्नापासून सुरू होतं. जोडीदाराला सांगून ही परीक्षा तुम्हीही घ्या: दहापैकी तीन-चार वेळा छरा नसावा, आणि कोणत्या वेळी नाही ते तुम्हाला ठाऊक नसावं. स्प्रिंगवर चालणाऱ्या पिस्तुलावर मात्र हे करू नका. छऱ्याविना सोडलं तर त्याच्या पिस्टनचं सील खराब होतं.

पिस्तुलाचा दोष आहे का?

हे आधी संपवून टाकू, कारण यात फार वेळ घालवण्यासारखं नाही. ॲलन की घ्या आणि फोरसाइटचा (नळीच्या टोकावरची पुढची साइट), बॅकसाइटचा (मागची, खाच असलेली) आणि मुठीचा स्क्रू तपासा. लाकडी मूठ आपल्याकडच्या उन्हाळ्यात किंचित आकसते आणि पावसाळ्यात फुगते. एप्रिल-मेमध्ये मुठीचा स्क्रू पाव फेरा सैल झालेला मी बऱ्याचदा पाहिलाय. मूठ हातात हलली की शॉट कुठेही जातो. सिलिंडरचा दाब बघा. तो फार उतरला असेल तर छऱ्याचा वेग घटतो आणि शॉट खाली येतो, पण सरळ खाली. डावीकडे जायला दुसरं काहीतरी कारण लागतं.

मग टेबलावर वाळूची किंवा तांदळाची पिशवी ठेवा, हात तिच्यावर टेकवा आणि पाच शॉट मारा. पाचही जवळजवळ, पण मध्यापासून दूर बसले, तर साइट किंवा मूठ बघावी लागेल. पाचही मध्यावर बसले तर पिस्तूल ठीक आहे, स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवा. "सरांनी मारून बघितलं, त्यांचं बरोबर लागतंय" या पुराव्यावर मात्र जाऊ नका. प्रत्येकाची मूठ आणि डोळा वेगळा. दुसऱ्याच्या हातात तेच पिस्तूल दोन रिंग इकडेतिकडे जाणं अगदी साधी गोष्ट आहे.

एक मिलिमीटर

मुलांना मी हे फळ्यावर काढून दाखवते, कारण एकदा हा हिशेब डोक्यात बसला की स्क्रूची ओढ आपोआप कमी होते. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरा. ट्रिगर सुटताना फोरसाइट खाचेत फक्त १ मिलिमीटर खाली गेली, तर १० मीटरवर छरा सुमारे ३१ मिलिमीटर खाली लागतो. एअर पिस्तूलच्या कार्डावर दहाची रिंग ११.५ मिलिमीटर व्यासाची आणि सगळा काळा ५९.५ मिलिमीटरचा. म्हणजे त्या एका मिलिमीटरनं दहाचा शॉट जेमतेम सातच्या रेषेला शिवतो.

आता दुसरी बाजू बघा. दोन्ही साइट एकमेकींत नीट बसलेल्या आहेत आणि सगळा हातच डोलतोय, काळ्याखाली ५ मिलिमीटर इकडे, ५ मिलिमीटर तिकडे. छरा फक्त तेवढाच, ५ मिलिमीटर, सरकतो. दहाच्या रेषेला धरून. हात डोलणं सगळ्यांना दिसतं म्हणून सगळे त्यालाच घाबरतात, तो थांबवायला बघतात, आणि "आत्ता मध्यावर आला" म्हणून झटकन ट्रिगर ओढतात. त्या झटक्यात साइट एकमेकींतून निसटतात. डोलणाऱ्या हाताला डोलू द्यावं. फोरसाइट खाचेतून हलता कामा नये.

बोट एकटं हलतं का?

वाचता वाचता एक करून बघा. डाव्या हाताची तर्जनी उजव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांनी मुठीसारखी धरा. आता उजवी तर्जनी ट्रिगर ओढल्यासारखी हळूहळू मागे आणा. डाव्या बोटाला काही जाणवलं? बहुतेकांना जाणवतं: तर्जनी मागे येताना बाकीची तीन बोटंही आवळतात. आता तेच झटक्यानं करा. आवळणं दुप्पट होतं.

सात वाजताचं मूळ हेच. निसर्गानं हात वस्तू पकडायला दिलाय, सगळी बोटं एकत्र मिटायला. ट्रिगरसाठी आपल्याला एकच बोट वेगळं चालवायचं असतं. सगळी मूठ आवळली की उजव्या हातात नळीचं टोक खाली आणि डावीकडे वळतं. त्यात मनगट थोडं जरी मोडलं तर आणखी खाली. .२२ मध्ये, म्हणजे गोळीच्या पिस्तुलात, धक्का असतो, तेव्हा हात तो धक्का येण्याआधीच दाबून टाकायला बघतो. एअर पिस्तूलमध्ये धक्का नसल्यातच जमा, तरी शॉट सुटणार म्हटलं की हात तेच करतो.

उपाय असा: मुठीचा दाब आधी ठरवायचा आणि मग त्याला विसरायचं. किती दाब? दुधाची किटली घेऊन चालताना कडी जेवढी धरतो तेवढा. किटली सुटत नाही आणि बोटंही पांढरी पडत नाहीत. हात उचलायच्या आधीच हा दाब पूर्ण असला पाहिजे. मनगट तिथेच बंद. उचलल्यानंतर मूठ आणखी घट्ट केली की तो शॉट रद्द समजा, हात खाली घ्या. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर असावं, आणि बोटाची बाकीची बाजू लाकडाला चिकटलेली नसावी. चिकटली असेल तर ट्रिगर मागे येताना लाकूडही ढकललं जातं.

कधी कधी दोष मुठीच्या लाकडाचाच असतो. माझी मूठ मला अर्धा आकार मोठी होती, हे कळायला मला फार उशीर लागला. तळव्याच्या मध्ये पोकळी राहायची आणि ती भरून काढायला मी करंगळी आवळायची. करंगळी आवळली की नळी बुडते. मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोरे बनवणारे एक कारागीर ओळखीचे होते, त्यांच्याकडे मूठ घेऊन गेले. त्यांनी माझ्या तळव्याला थोडा खडू फासला, मूठ धरायला लावली आणि खडू कुठे उमटला, कुठे नाही ते बघत बसले. जिथे खडूचा दाट ठसा होता तिथे कानशीचे चारच हात मारले, मग पुन्हा खडू, पुन्हा चार हात. जिथे ठसा उमटलाच नाही तिथे लाकडाचा भुसा आणि चिकटद्रव्य कालवून भर घातली. तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखालचा दोरा केसभर सरकवला तरी सूर बदलतो, अशा कामातला माणूस. त्यांना घाई नव्हती. संध्याकाळी मूठ हातात घेतली तेव्हा पहिल्यांदाच ती न आवळता जागेवर बसली. खडूचा हा प्रकार तुम्ही घरीही करू शकता, फक्त एका वेळी थोडंच लाकूड काढा. काढलेलं परत लावणं कठीण.

डोळा कुठे आहे?

दुसरं मोठं कारण डोळ्याचं. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ बघतो. फोरसाइट स्वच्छ दिसायला हवी आणि काळा धूसर. वेळ कमी पडला की डोळा भीतीनं काळ्यावर धावतो. काळा छान दिसायला लागतो, फोरसाइट कुठे गेली ते कळतही नाही. काहीजण तर शॉट सुटायच्या आतच छरा कुठे लागला ते बघायला डोकं वर काढतात. डोकं वर, नळी खाली.

हे ओळखायला कार्ड उलटं लावा, कोरी बाजू समोर. कोऱ्या पांढऱ्यावर मध्यभागी दहा शॉट मारा. ग्रुप काळ्यावरच्यापेक्षा लहान आला, तर तुमचा डोळा काळ्याच्या मागे धावतोय. हे इतक्या जणांच्या बाबतीत खरं ठरलंय की मी नव्या मुलांना पहिले दोन आठवडे कोऱ्या कार्डावरच ठेवते. आईवडील विचारतात, टार्गेट का नाही दिलं? दिलंय ना, फोरसाइट.

याला जोडून वहीचं काम. शॉट सुटला की स्क्रीनकडे बघण्याआधी कुठे लागला असेल ते लिहायचं: "नऊ, सात वाजता". मग खरं काय ते शेजारी. लिहिलेलं आणि लागलेलं जुळत असेल तर तुम्हाला चूक दिसतेय, म्हणजे ती सुटेलही. "दहा" लिहिलं आणि सात वाजता सात लागला, तर सुटण्याच्या क्षणी फोरसाइट तुम्ही बघतच नव्हता. डोळा मिटला असेल नाहीतर काळ्यावर असेल. अशा वेळी बोटावर काम करू नका, आधी डोळ्यावर करा. शॉटनंतरही मनात दोन मोजेपर्यंत फोरसाइटकडे बघत राहा.

सावकाशच्या फेरीत आणखी एक खोड असते, ताणून धरायची. नेम बसला, शॉट सुटला नाही, तरी हात खाली येत नाही. आठ-दहा सेकंदांनंतर डोळा थकतो, हात कापायला लागतो, आणि शेवटी चिडून ट्रिगर ओढला जातो. ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. हात खाली घ्यायला वेळच वेळ आहे.

आता वेग

२५ मीटरच्या महिलांच्या स्पर्धेत ३० शॉट सावकाश आणि ३० रॅपिड, म्हणजे जलद. रॅपिडमध्ये हात ४५ अंशांवर खाली ठेवायचा. टार्गेट ३ सेकंद समोर, मग ७ सेकंद आड, असं पाच वेळा. आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच प्रकारात २०१३ मध्ये चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये तर पाच टार्गेटवर पाच गोळ्या, आधी ८, मग ६, मग ४ सेकंदांत. विजय कुमार यांनी २०१२ मध्ये लंडनला त्यातच रौप्य मिळवलं.

एअरवरून .२२ वर जाणाऱ्या मुलांचा सात वाजताचा आजार इथे उफाळतो, आणि त्याचं एक साधं कारण आहे. एअर पिस्तूलच्या ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम, या २५ मीटरच्या पिस्तुलाचं किमान १००० ग्रॅम. बोटाला सवय अर्ध्या किलोची. एक किलो आला की बोट अडतं, आणि अडलं की सगळी मूठ मदतीला धावते. त्यातून रॅपिडचं टार्गेट मोठ्या मनाचं: दहाची रिंगच १०० मिलिमीटरची. मघाचा एक मिलिमीटर २५ मीटरवर ७८ मिलिमीटर होतो, सावकाशच्या कार्डावर तो सात देतो, रॅपिडच्या कार्डावर नऊ. "नऊ तर लागतायत" म्हणत मुलं चूक तशीच पुढे नेतात.

बहुतेकांचा ३ सेकंदांचा हिशेब उलटा असतो. हात झपकन वर, टार्गेटवर पोचल्यावर शोधाशोध, आणि शेवटच्या अर्ध्या सेकंदात बोटाला धक्का. यात बोटाला कामाला फक्त तो अर्धा सेकंद मिळतो. मी शिकवते ते असं: हात एकसारख्या चालीनं वर येऊ द्या, डोळ्यानं फोरसाइट वाटेतच पकडा, आणि ट्रिगरचा पहिला टप्पा हात पोचायच्या आत घेऊन ठेवा. हात थांबला की दाब वाढतच राहिला पाहिजे, मध्ये कुठेही थांबता कामा नये. शॉट अडीच सेकंदांच्या आसपास सुटतो. बोटाला दीड सेकंदाहून जास्त वेळ मिळतो आणि त्याला घाई करावी लागत नाही.

सांगलीहून .२२ मारायला आम्ही पुण्याला बालेवाडीला जातो, महिन्यातून फार तर दोनदा. बाकीचा सगळा सराव घरी, छऱ्याविना. भिंतीवर ३ मीटरवर ६ सेंटिमीटरचं काळं वर्तुळ चिकटवा. २५ मीटरवरचं रॅपिडचं टार्गेट तिथून तेवढंच दिसतं. (१० मीटरच्या काळ्यासाठी १८ मिलिमीटर.) मोबाइलवर बीप रेकॉर्ड करा: ७ सेकंद शांत, बीप, ३ सेकंद, बीप. पण सुरुवात ३ वर नको, ५ सेकंदांवर करा. पाचपैकी पाच वेळा ट्रिगर सुटताना फोरसाइट खाचेत स्थिर राहिली तरच ४ सेकंद. तिथेही पाचपैकी पाच, मग ३. एक जरी हलली तरी पुन्हा वरच्या वेळेवर. हा नियम मुलांना फार जाचतो, पण मी त्यात सूट देत नाही, कारण ३ सेकंदांत घाईनं केलेले शंभर सराव बोटाला धक्काच शिकवतात.

घरी सराव करताना छरे दुसऱ्या खोलीत कपाटात, नळी रिकामी असल्याची खात्री दोनदा, आणि ज्या भिंतीकडे नेम धरता तिच्यापलीकडे कुणी राहत-वावरत नसावं. .२२ ला परवाना लागतो आणि ते कुलपातच. बऱ्याच .२२ पिस्तुलांत रिकाम्या चेंबरवर ट्रिगर सोडला तर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते, म्हणून प्लास्टिकची डमी घालूनच ड्राय, म्हणजे गोळीविना सराव, करा.

माधवनगरच्या त्या मुलाला कोरं कार्ड, वही आणि ५ सेकंदांचा बीप यात सात आठवडे लागले. मधल्या काळात त्याचे गुण आधी उतरले. हे तुमचंही होईल, तेव्हा घाबरून स्क्रूकडे वळू नका.

पिस्तूल ठीक असताना स्क्रूला हात लावायची एकच वेळ मी मान्य करते, ती सामन्याच्या दिवशीची. सुरुवातीच्या १५ मिनिटांच्या सायटर्समध्ये (गुण न धरले जाणारे सरावाचे शॉट) अंग ताठलेलं असतं, मूठ रोजच्यापेक्षा घट्ट बसते, आणि पाच-सहा शॉट ओळीनं एकाच जागी खाली-डावीकडे लागतात. तेव्हा सुधारणा शिकवत बसायला वेळ नसतो. ग्रुप घट्ट असेल तर साइट सरकवा. पण किती क्लिक आणि कुठल्या बाजूला ते वहीत लिहा, आणि सामना संपल्यावर पिस्तूल पेटीत ठेवण्याआधी तेवढेच उलटे फिरवा.